सिस्टिम रिकव्हरीनंतर थंडरबर्डचा बॅकअप परत टाकला, तरी मेल दिसत नाहीत. कोणी सांगेल का?

हळदवाला_सांगली

नमस्कार मंडळी, जरा सविस्तर लिहितो, लांबलं तर समजून घ्या. आमचं सांगलीत हळदीचं अडत दुकान आहे, वडिलांपासूनचं, आणि दुकानाचा सगळा मेलव्यवहार, म्हणजे सौद्याचं कन्फर्मेशन, गाड्यांच्या बिल्ट्या, बाहेरच्या खरेदीदारांच्या डेबिट नोटा, सीएला पाठवलेले कागद, हे सगळं एका लॅपटॉपवर थंडरबर्ड या मेलच्या प्रोग्राममधे येतं. मेल आयडी आमच्या स्वतःच्या डोमेनवर आहे आणि सेटिंग पॉपचं आहे (म्हणजे मेल सर्व्हरवरून लॅपटॉपवर उतरवून घ्यायचे), होस्टिंगवाल्याने मेलबॉक्सला जागा एवढुशी दिलीये की मेल उतरला की थोड्या दिवसांत सर्व्हरवरून उडतो. म्हणजे जुनं जे काय आहे ते फक्त त्या लॅपटॉपवर.

आता झालं असं की लॅपटॉप निळी स्क्रीन दाखवून बंद पडायला लागला, चालू केला की परत तेच. इथल्या एका रिपेअरवाल्या पोराला बोलावलं, त्याने कंपनीच्या रिकव्हरीतून विंडोज परत टाकलं, त्यात फक्त सी ड्राइव्हचं करायचं असा पर्याय होता तो निवडला म्हणाला. लॅपटॉप आता मस्त चालतोय, नव्यासारखा, पण नव्यासारखा म्हणजे आत काहीच नाही.

बॅकअप आहे. दिवाळीत भाचा आला होता त्याने अॅपडेटाच्या आतलं अख्खं थंडरबर्डचं फोल्डर एक्स्टर्नल हार्डडिस्कवर कॉपी करून ठेवलं होतं आणि मला दाखवून पण गेला होता, मामा इथे आहे बघ म्हणून. भाचा मर्चंट नेव्हीत आहे, सध्या बोटीवर, त्यामुळे विचारायची सोय नाही. त्या पोराने त्याच्या पेनड्राइव्हवरच्या सेटअपने थंडरबर्ड टाकलं, मी जुन्या प्रोफाइलचं फोल्डर (थंडरबर्ड अकाउंटं, सेटिंग सगळं ज्यात ठेवतं ते) जिथून घेतलं होतं तिथेच प्रोफाइल्सच्या आत पेस्ट केलं, उघडलं तर म्हणतंय नवीन अकाउंट बनवा, नाव टाका, पासवर्ड टाका. जुनं काहीच नाही.

जीएसटीकडून मागच्या एका वर्षाच्या व्यवहाराबद्दल विचारणा आलीये, सीए रोज फोन करतोय की त्या डेबिट नोटांचे मेल काढून द्या. कागदपत्रं वार्षिक रिटर्नच्या ड्यू डेटपासून ७२ महिने सांभाळायची असतात म्हणे, ते मला आता कळून काय उपयोग. कोणाला माहिती असेल तर सोप्या भाषेत सांगा, कॉम्प्युटरमधलं फार कळत नाही पण सांगितलं तर बिनचूक करतो.

मोबाईलच_बरा

सगळं जीमेलवर टाका ना राव, कशाला ही डोकेदुखी. माझा फोन हरवला, नवीन घेतला, लॉगिन केलं, सगळे मेल जागेवर. २०२६ मधे कोण पॉप वापरतं?

हळदवाला_सांगली

टाकू की जीमेलवर, आधी जुनं हातात तर येऊ दे. आत्ता मला डेबिट नोटा पाहिजेत, सल्ला नंतर घेतो.

पेठेतला_टेक

दादा, पहिली गोष्ट म्हणजे हे बहुतेक मेल गेल्याचं लक्षण नाही, थंडरबर्ड दुसरंच प्रोफाइल उघडून बसलंय. नवीन टाकलेलं थंडरबर्ड पहिल्यांदा उघडलं की ते स्वतःचं कोरं प्रोफाइल बनवतं, काहीतरी आठ अक्षरं-आकडे आणि पुढे डॉट डिफॉल्ट-रिलीज असं नाव असतं. तुम्ही जुनं प्रोफाइल त्याच्या शेजारी नेऊन ठेवलंत, पण कुठलं उघडायचं हे फोल्डर बघून ठरत नाही, ते बाहेर प्रोफाइल्स डॉट आयएनआय आणि इन्स्टॉल्स डॉट आयएनआय अशा दोन छोट्या फाइली असतात त्यात लिहिलेलं असतं आणि तिथे नव्याचंच नाव आहे. त्यात आणखी एक भानगड, २०१९ ला ६८ वी आवृत्ती आली तेव्हापासून प्रत्येक इन्स्टॉलला वेगळं प्रोफाइल धरलं जातं, म्हणजे तुमचं आधीचं ३२ बिटवालं असेल आणि आताचं ६४ बिटवालं, तर दोघांचं फोल्डर वेगळं म्हणून ते जुन्याकडे बघतच नाही.

आता करायचं काय ते सांगतो, घाई करू नका. आधी वायफाय बंद करा. हे महत्त्वाचं आहे, कारण थंडरबर्ड उघडल्या उघडल्या सर्व्हरकडे मेल मागायला जातं आणि आपल्याला सगळं जागेवर बसेपर्यंत ते नकोय. मग थंडरबर्ड बंद करा, टास्क मॅनेजरमधे पण बघून घ्या मागे चालू नाही ना. विंडोजचं बटण आणि आर दाबा, पर्सेंटचं चिन्ह, अॅपडेटा, परत पर्सेंटचं चिन्ह असं टाकून एंटर मारा, तुम्ही रोमिंग फोल्डरमधे पोचाल (अॅपडेटा लपवलेलं असतं त्यामुळे एरवी शोधून सापडत नाही). तिथे थंडरबर्ड नावाचं फोल्डर आहे त्याचं नाव बदलून थंडरबर्ड-कोरं करा, डिलीट नका करू. आणि हार्डडिस्कवरचं अख्खं थंडरबर्ड फोल्डर, फक्त आतलं प्रोफाइल नाही, अख्खं, तिथे कॉपी करा. कॉपीच करा, कट-पेस्ट अजिबात नको, बॅकअपला हात लागता कामा नये.

मग परत विंडोजचं बटण आणि आर, आणि तिथे थंडरबर्ड, स्पेस, डॅश, कॅपिटल पी. प्रोफाइल निवडायची छोटी खिडकी येते. यादीत जुनं दिसलं तर ते निवडा, नाही दिसलं तर क्रिएट प्रोफाइल म्हणा आणि त्यात चूज फोल्डर करून जुनं प्रोफाइल दाखवा. त्याच खिडकीत डिलीट प्रोफाइल पण आहे, त्याच्या वाटेला जाऊ नका, तिथे डिलीट फाइल्स म्हटलं की खरंच उडवतं.

आणि त्या पोराने पेनड्राइव्हवरून टाकलंय म्हणजे सेटअप जुना असणार. जुन्या थंडरबर्डला नव्या आवृत्तीत वापरलेलं प्रोफाइल दिलं तर ते उघडायला नकार देतं, नवीन प्रोफाइल बनवा किंवा बाहेर पडा एवढंच विचारतं. तसं आलं तर बाहेर पडा, त्यांच्या साइटवरून ताजी आवृत्ती उतरवून वर टाका आणि मग परत वायफाय बंद करून हेच सगळं.

हळदवाला_सांगली

पेठेतला_टेक भाऊ, तुमचे उपकार. नकाराचा मेसेज आला होता, ताजी आवृत्ती टाकली, मग तुम्ही सांगितलं तसं केलं आणि उघडलं! डावीकडे आमचे दोन्ही मेल आयडी आले, अॅड्रेस बुक आलं, पासवर्ड पण विचारला नाही. मी म्हटलं झालं काम, बायकोला चहा टाक म्हणून सांगितलं आणि इनबॉक्सवर क्लिक केलं तर रिकामा. सेंट रिकामा. आम्ही पार्टीवार फोल्डर केले होते, त्यातलं एक पण नाही. दोन्ही आयडीचं तसंच.

बॅकअप घेतानाच मेल आले नसतील का? भाच्याने सगळं फोल्डर घेतलं होतं, माझ्यासमोर घेतलं.

वऱ्हाडी_बाणा

ओ भाऊ थांबा, मशीनवर आता काहीच टाकू नका. बॅकअपमधे मेल नसतील तर ते सी ड्राइव्हवरच होते, आणि रिकव्हरीने सी पुसलाय. डेटा रिकव्हरीचं सॉफ्टवेअर लावून बघता येतं पण जितकं नवीन काही टाकाल तितकं जुनं झाकलं जाते, आणि सी एसएसडी असेल तर मंग कठीणच आहे, पुसलेली जागा एसएसडी स्वतःच मोकळी करून टाकते, ट्रिम म्हणतात त्याले, त्यातून काही हाती लागत नाही सहसा. हार्डडिस्क असेल तर चान्स आहे. कोणती आहे ते सांगा आधी.

हळदवाला_सांगली

एसएसडी आहे. लहान एसएसडी सी ला आणि दुसरी मोठी साधी हार्डडिस्क, लॅपटॉप घेताना तसाच होता. पोटात गोळा आला वाचून.

सिस्टिमकाका

वऱ्हाडी_बाणा म्हणतात ते चूक नाही, पण त्या निष्कर्षावर जायच्या आधी एक साधी गोष्ट बघू. हळदवाले, त्या एक्स्टर्नल डिस्कवरच्या थंडरबर्ड फोल्डरवर राइट क्लिक करा, प्रॉपर्टीज, आणि साइज किती आहे ते इथे लिहा. मग आतल्या मेल नावाच्या फोल्डरचा वेगळा साइज बघा.

हे का विचारतोय ते सांगतो. थंडरबर्ड एका फोल्डरचे सगळे मेल एकाच मोठ्या फाइलीत ठेवतं, एम-बॉक्स म्हणतात, इनबॉक्स नावाची फाइल, पुढे डॉट वगैरे काही नाही. अटॅचमेंट सुद्धा त्याच फाइलीत. त्याच्या शेजारी इनबॉक्स डॉट एमएसएफ अशी लहान फाइल असते ती फक्त यादी, तिला महत्त्व नाही, ती गेली तर परत बनते. दुकानाचे इतक्या वर्षांचे मेल म्हणजे पीडीएफ आले, गाडीचे फोटो आले, ते काही जीबीत असणार. बॅकअपचा साइज काही जीबी असेल तर मेल त्यात आहेत आणि फक्त दिसत नाहीयेत. बॅकअप शंभर-दोनशे एमबीचाच असेल तर मेल त्यात कधीच नव्हते, आणि मग प्रश्न असा की ते राहात कुठे होते. अकाउंटं, पासवर्ड, अॅड्रेस बुक हे सगळं बारक्या फाइलींत असतं, ते आलं यावरून मेलबद्दल काहीच कळत नाही.

तोवर वायफाय बंदच ठेवा आणि गेट मेसेजेस दाबू नका.

हळदवाला_सांगली

काका, अख्ख्या फोल्डरचा साइज १८० एमबी. आत मेल फोल्डर आहे, त्यात लोकल फोल्डर्स म्हणून एक आहे आणि त्यात ट्रॅश वगैरे, सगळं शून्य केबी नाहीतर १-२ केबी. आमच्या डोमेनच्या नावाचं फोल्डर आतमधे नाहीच.

म्हणजे संपलं ना?

सिस्टिमकाका

उलट. पॉप अकाउंट असताना मेल फोल्डरमधे सर्व्हरच्या नावाचं फोल्डर नाही म्हणजे कोणीतरी मुद्दाम मेलची जागा बदललेली आहे. थंडरबर्डमधे तशी सोय आहे, अकाउंट सेटिंग्जमधे सर्व्हर सेटिंग्जच्या अगदी तळाला लोकल डिरेक्टरी म्हणून एक रकाना असतो, तिथे वाटेल ते फोल्डर देता येतं. लहान एसएसडी भरत आली की जाणकार माणूस हेच करतो, मेल मोठ्या डिस्कवर नेऊन ठेवतो. तुमच्या भाच्याने केलं असणार.

आता बॅकअपमधल्या, म्हणजे एक्स्टर्नल डिस्कवरच्या, लॅपटॉपवरच्या नाही, प्रोफाइल फोल्डरमधे प्रेफ्स डॉट जेएस अशी फाइल आहे. तिची कॉपी डेस्कटॉपवर आणा आणि ती कॉपी नोटपॅडमधे उघडा. डबल क्लिक करू नका, विंडोज ती प्रोग्राम समजून चालवायला जाईल, राइट क्लिक करून ओपन विथ नोटपॅड. कंट्रोल आणि एफ दाबून डिरेक्टरी हा शब्द इंग्रजीत शोधा. प्रत्येक अकाउंटची एक ओळ असेल, सर्व्हर १, सर्व्हर २ असं काहीतरी, आणि पुढे अवतरणात पत्ता. तो पत्ता कोणत्या ड्राइव्हने सुरू होतो ते सांगा. बॅकअपमधलीच फाइल बघा म्हणतोय कारण लॅपटॉपवरच्या फाइलीत थंडरबर्ड उघडल्यावर स्वतःहून बदल करत असतं.

हळदवाला_सांगली

काका!! दोन्ही ओळींत डी ड्राइव्ह आणि पुढे दुकानमेल असं लिहिलंय, आणि मग आमच्या सर्व्हरचं नाव.

पण डी मधे तसं काही नाही. आत्ता माय कॉम्प्युटर उघडलं तर डी वर रिकव्हरी असं नाव आहे, जवळजवळ भरलेली लाल पट्टी, आणि त्यात दुकानमेल नावाचं फोल्डर आहे खरं पण आतलं सगळं शून्य केबी, तारीख आजची. आणि एक ई ड्राइव्ह दिसतेय त्यात आमचे फोटो, टॅलीचा बॅकअप... थांबा बघतो.

हळदवाला_सांगली

ई मधे दुकानमेल आहे. इनबॉक्स ६ जीबीच्या वर आहे, सेंट पण आहे, सगळ्या पार्टीची नावं दिसतायत. तारीख लॅपटॉप बंद पडला त्या दिवसाची!

सिस्टिमकाका

तर मग झालं असं. रिकव्हरीच्या आधी मोठी हार्डडिस्क डी होती. विंडोज नव्याने टाकताना ड्राइव्हची अक्षरं पहिल्यापासून वाटली गेली, कंपनीच्या लपवलेल्या रिकव्हरीच्या पार्टिशनने डी घेतलं आणि तुमची डिस्क ई झाली. थंडरबर्ड जुन्या पत्त्यावर गेलं, तिथे काही नाही म्हटल्यावर न सांगता रिकामं फोल्डर बनवून मोकळं झालं, तेच शून्य केबीवालं तुम्हाला दिसलं. मेलला कोणी हातच लावलेला नाही.

आता दोन रस्ते. एक म्हणजे अक्षरं पूर्ववत करायची, आणि मी तेच करीन कारण टॅली किंवा आणखी कशाला डी चा पत्ता माहिती असेल तर तेही सुधारतं. त्याआधी ई वरचं दुकानमेल एक्स्टर्नल डिस्कवर कॉपी करून घ्या, हे पहिलं काम. पेनड्राइव्हवर घ्यायला जाल तर इनबॉक्सची फाइल जाणार नाही, बरेच पेनड्राइव्ह फॅट ३२ या प्रकारे फॉरमॅट केलेले असतात आणि त्यात ४ जीबीच्या वरची एक फाइल मावत नाही, पेनड्राइव्ह ६४ जीबीचा का असेना. डिस्क एनटीएफएस किंवा एक्सफॅट असली की झालं.

मग थंडरबर्ड बंद असताना स्टार्टवर राइट क्लिक, डिस्क मॅनेजमेंट. रिकव्हरीवर राइट क्लिक करून चेंज ड्राइव्ह लेटर, तिथे डी काढून दुसरं कुठलंही अक्षर द्या, उदाहरणार्थ आर. मग तुमच्या डिस्कला ई च्या जागी डी द्या. विंडोज घाबरवेल की काही प्रोग्राम चालणार नाहीत, हो म्हणा. त्या खिडकीत फॉरमॅट आणि डिलीट व्हॉल्यूम अगदी शेजारी असतात तेवढं बघून क्लिक करा. आणि रिकव्हरीचं पार्टिशन जागा खातंय म्हणून पुसू नका, परत लागेल कधीतरी.

पेठेतला_टेक

काकांना सलाम. डिरेक्टरीची ओळ माझ्या डोक्यातच आली नाही. फक्त मी असतो तर अक्षर न बदलता सरळ लोकल डिरेक्टरीच्या रकान्यात ब्राउझ करून ई वरचं फोल्डर दिलं असतं, थंडरबर्ड रीस्टार्ट मागतं आणि काम होतं. डिस्क मॅनेजमेंटमधे नवशिक्या माणसाला पाठवायला मला भीती वाटते.

सिस्टिमकाका

तेही चालेल. भीती रास्त आहे पण हळदवाले सांगितलेलं बिनचूक करतात असं दिसतंय, आवृत्तीचा घोळ पण त्यांनी स्वतः निस्तरला. आणि टॅलीचा बॅकअप त्याच डिस्कवर जातोय, तो उद्या डी शोधत रिकव्हरीच्या पार्टिशनवर जाऊन पडला तर वेगळं रामायण.

आउटलुकग्रस्त

मधेच विचारतो, माझं असंच झालंय पण आउटलुक आहे. रिपेअरवाल्याने एक ओएसटी फाइल काढून दिली म्हणतो यात सगळं आहे, आउटलुक ती उघडतच नाही.

पेठेतला_टेक

ओएसटी ही सर्व्हरवरच्या मेलची लोकल कॉपी असते, आयमॅप किंवा एक्सचेंज अकाउंटची (ज्यात मेल सर्व्हरवरच राहतात), आणि ती ज्या अकाउंटने बनवली त्याच्याशी बांधलेली असते, नुसती फाइल नेऊन उघडत नाही. पण मग काळजीचं कारण पण कमी, अकाउंट नव्याने जोडा, सर्व्हरवरून सगळं परत उतरेल. पॉप असतं तर पीएसटी फाइल असते, आउटलुक २०१० पासून ती डॉक्युमेंट्समधल्या आउटलुक फाइल्स फोल्डरमधे सापडते, फाइल मेनूतून ओपन अँड एक्सपोर्टमधे जाऊन सरळ उघडता येते, बिघडली असेल तर स्कॅनपीएसटी नावाचं टूल आउटलुकबरोबरच येतं. आणि ऑनलाइन नसताना लिहिलेलं किंवा आयमॅपमधे फक्त या संगणकावर म्हणून वेगळं ठेवलेलं काही असेल तर ते सर्व्हरवर नसतं, तेवढं तपासा. बाकी वेगळा धागा काढा ना, इथे हळदीचं चाललंय.

हळदवाला_सांगली

मंडळी आले!!! सगळे आले. आधी दुकानमेलची कॉपी घेतली (बराच वेळ लागला, जेवून आलो तरी चालूच होतं), मग काकांनी सांगितलं तसं रिकव्हरीला आर दिलं, आपल्या डिस्कला डी दिलं, थंडरबर्ड उघडलं आणि डावीकडे सगळ्या पार्टीची फोल्डरं. इनबॉक्स उघडायला थोडा वेळ घेतला, खाली काहीतरी इंडेक्स करतंय असं लिहून येत होतं, मग दिसायला लागले. नंतर वायफाय चालू केलं तर फक्त मधल्या दिवसांचे नवीन मेल आले, जुने परत दुबार आले नाहीत, मला तीच भीती होती.

अॅड्रेस बुक मात्र दिवाळीपर्यंतचंच आहे, त्यानंतरच्या नव्या लोकांचे पत्ते नाहीत. ते मेलमधून काढीन एकेक. डेबिट नोटा सीएला पाठवल्या.

दोन शंका. एक, दोन-तीन फोल्डरात मेलची यादी आणि आतला मजकूर जुळत नाही, क्लिक एकावर आणि उघडतं दुसरंच. दुसरं म्हणजे आमच्या दिवाणजींनी पाठवलेल्या जुन्या पट्ट्या, शेतकऱ्यांच्या हिशोबाच्या, वर्डमधे आहेत, त्या उघडल्या की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि कसलीकसली चिन्हं दिसतायत. आधी नीट दिसत होत्या. फाइल करप्ट झाल्या का?

सिस्टिमकाका

छान झालं. दुबार आले नाहीत कारण कुठला मेल उतरवून झालाय याची नोंद पॉपस्टेट डॉट डॅट या फाइलीत असते आणि ती मेलबरोबर डी वरच होती. तुमचे फिल्टरचे नियम पण तिथेच असतात, म्हणून पार्टीवार फोल्डरात मेल आपोआप जातायत का बघा, जात असतील. अॅड्रेस बुक प्रोफाइलमधे असतं म्हणून ते दिवाळीचं.

यादी जुळत नाही ती डॉट एमएसएफ शिळी झाल्यामुळे. त्या फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, रिपेअर फोल्डर. ती यादी फेकून मूळ फाइल वाचून नवी बनवतं. मात्र थंडरबर्ड जागा वाचवायला कॉम्पॅक्ट करू का असं विचारेल त्याला आत्ता नाही म्हणा. डिलीट केलेला मेल कॉम्पॅक्ट होईपर्यंत त्या मोठ्या फाइलीतच पडून असतो, जीएसटीचं प्रकरण मिटेपर्यंत राहू दे तसाच. आणि अँटिव्हायरसमधे दुकानमेल फोल्डर वगळा म्हणून सांगून ठेवा. एका मेलमधे व्हायरस सापडला की काही अँटिव्हायरस अख्खी फाइल उचलून बाजूला टाकतात, आणि तुमच्याकडे अख्खी फाइल म्हणजे अख्खा इनबॉक्स.

पट्ट्यांचं मला सांगता येणार नाही, मी मराठी टायपिंग मोबाईलवर बोलून करतो.

डीटीपी_ताई

पट्ट्यांचं मी सांगते, छपाईच्या कामात रोजचं आहे हे. फाइल करप्ट नाहीये दादा, फॉन्ट गेलाय. युनिकोडच्या (प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा कोड देणाऱ्या पद्धतीच्या) आधी, आणि खरंतर नंतरही बरीच वर्षं, मराठी टायपिंग श्रीलिपी, आकृती, नाहीतर आयएसएमच्या योगेश-सुरेख अशा फॉन्टात चालायचं. त्यात फाइलच्या आत मराठी अक्षर नसतंच, इंग्रजी अक्षरांचेच कोड असतात आणि फॉन्ट त्यांना मराठी चेहरा देतो. रिकव्हरीत सी ड्राइव्ह पुसला म्हणजे विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरात टाकलेले ते फॉन्ट पण गेले, मग वर्ड त्याच कोडची खरी इंग्रजी अक्षरं दाखवतं. गडबडलेल्या मजकुरावर क्लिक करून वर्डमधे वर फॉन्टचं कुठलं नाव दिसतं ते बघा, फॉन्ट नसला तरी नाव लिहिलेलं राहतं. दिवाणजींकडे ते सॉफ्टवेअर असेलच, त्यांच्याकडून टाकून घ्या, पट्ट्या जशाच्या तशा दिसतील. पीडीएफ असतील त्या तशाही नीट दिसत असतील, कारण पीडीएफमधे फॉन्ट सहसा आतच भरलेला असतो.

नंतर सवडीने कन्व्हर्टरने युनिकोडमधे करून ठेवा, पण आकडे आणि जोडाक्षरं तपासल्याशिवाय मूळ फाइल उडवू नका. काही कन्व्हर्टर रफार भलत्या अक्षरावर नेऊन ठेवतात, आणि शेतकऱ्याचं नाव बदललं तर हिशोबात भांडण.

मेलच्या मजकुरातच असं दिसत असेल, म्हणजे अॅटॅचमेंट नाही तर खुद्द मेल, आणि प्रत्येक अक्षराच्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी ए आणि चलनाचं चिन्ह असं परत परत येत असेल, तर तो वेगळा आजार. तो मजकूर युनिकोडच असतो, थंडरबर्डने चुकीचा वाचलेला. तो मेल उघडा, व्ह्यू मेनूत रिपेअर टेक्स्ट एन्कोडिंग करून बघा, बरेचदा सुधारतो.

हळदवाला_सांगली

ताई, वर नाव श्री-डीईव्ही आणि काहीतरी आकडा असं दिसतंय. दिवाणजींना फोन केला, त्यांच्याकडे सीडी आहे म्हणाले पण आमच्या लॅपटॉपला सीडीची जागाच नाही.

डीटीपी_ताई

श्रीलिपी आहे. दिवाणजींच्या मशीनवर चालू असेल तर तिथेच फाइल उघडून पीडीएफ करून मेल करायला सांगा, सीएला तेवढं पुरतं. बाकी सॉफ्टवेअर तुमच्या मशीनवर टाकायचं तर लायसन्स बघा, काही आवृत्त्यांना सीडीबरोबर यूएसबीचा डोंगल (लायसन्सची किल्ली) लागतो, तो नसेल तर चालत नाही.

पेठेतला_टेक

आणि दादा, भाचा परत आला की त्याला सांगा पुढच्या वेळी बॅकअप घेताना रोमिंगमधलं थंडरबर्ड आणि डी वरचं दुकानमेल, दोन्ही घ्यायचं. नाहीतर लोकल डिरेक्टरी परत प्रोफाइलच्या आत आणा, पण सी मधे तेवढी जागा आहे का? १२८ जीबी असेल तर राहू दे तिकडेच.

हळदवाला_सांगली

१२८ च आहे. राहू दे तिकडेच. आता मोबाईलच_बरा भाऊंना विचारायचंय, हे ६ जीबी जीमेलवर चढवायचे तर फुकटात बसतील का?

मोबाईलच_बरा

१५ जीबी फुकट असतात, पण त्यातच ड्राइव्ह आणि फोटो पण मोजतात. तुमचे फोटो आधीच तिथे असतील तर अवघड आहे.

पेठेतला_टेक

चढवायचं तर जीमेलचं अकाउंट थंडरबर्डमधे आयमॅपने जोडा आणि जुनी फोल्डरं त्यात थोडी थोडी कॉपी करा, मूव्ह नाही. जोडताना साधा पासवर्ड चालणार नाही, गूगलने ते २०२२ पासून बंद केलंय, ब्राउझरसारखी खिडकी उघडून लॉगिन होतं तेच करा. आणि एकदम अख्खा इनबॉक्स ओढून टाकू नका, मधे नेट गेलं की कुठवर गेलं तेच कळत नाही. वर्षावर्षाचे वेगळे फोल्डर करून एकेक पाठवा, जीएसटीवालं वर्ष आधी.